दाजींचं सबमरिनर

दाजींनी बँकॉकहून आणलेलं घड्याळ आठ महिन्यांत बंद पडलं आणि माझी पंचाईत झाली. घड्याळ बंद पडलं याची नाही, भाऊबीज तीन आठवड्यांवर आली होती याची. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान. एक स्वतःला, एक मला अशी अगदी सारखी दोन घड्याळं त्यांनी आणली होती आणि भर पंगतीत जाहीर केलं होतं, "रोलेक्स सबमरिनर. फर्स्ट कॉपी आहे, पण कुणाचा बाप ओळखणार नाही." तेव्हापासून कुठल्याही कार्यात भेटले की ते आधी माझ्या मनगटाकडे बघतात, मग तोंडाकडे.

आम्ही जेलरोडला राहतो. वडील, म्हणजे अण्णा, नोट प्रेसमधून रिटायर झालेत. नाशिकरोडचा हा प्रेस १९२८ पासून नोटा छापतोय. आमच्या गल्लीत निम्म्या घरांत कुणी ना कुणी तिथे कामाला होतं किंवा आहे. अण्णांची नोकरी तपासणीत गेली. दिवसभर नोटा बघायच्या. अशा घरात फर्स्ट कॉपी आली. अण्णांनी ते घड्याळ लांबूनच पाहिलं आणि हातातला पेपर पुन्हा वर धरला. जावई आहेत, बोलणार काय!

मी स्वतः अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीला आहे. गाड्यांचे टर्न केलेले पार्ट, हातात मायक्रोमीटर, आणि दर थोड्या दिवसांनी 'हे असं का झालं' म्हणून भरायचे फॉर्म. ते पुढे उपयोगी पडलं म्हणून सांगतोय.

घड्याळ घेऊन गावात गेलो. मेनरोडच्या एका बोळात जिन्याखाली बसणारे एक घड्याळजी काका आहेत. डोक्याला तार गुंडाळून डोळ्यावर आयग्लास लावलेली, समोर पाट्याएवढं टेबल. त्यांनी मागच्या झाकणावर एक रबरी चेंडू दाबला आणि फिरवला. झाकण बरणीच्या झाकणासारखं निघालं. आत एक नजर टाकली.

"डीजी मशीन आहे. चिनी. हे दुरुस्त करत नाही, बदलतो. दीड हजार."

"पण झालंय काय त्याला?"

"ते बघायला दोन तास लागतील. माझे दोन तास दीड हजारांत बसत नाहीत, मशीन बसतं."

हिशोब चोख होता. पण मला तो झोंबला. कंपनीत ऑडिटरला मी असं उत्तर दिलं असतं की 'पार्ट का फेल झाला माहीत नाही, दुसरा लावला', तर त्याने मला त्याच खुर्चीत उभं केलं असतं. म्हटलं, मीच उघडून बघतो. काका हसले नाहीत, हे विशेष. एवढंच म्हणाले, "याच्यावर हात नका साफ करू. आधी चावीचं घ्या, ऑटोमॅटिक नको. आणि बंद घेऊ नका, चालू घ्या."

"चालू कशाला उघडायचं?"

"बंद घेतलं आणि जोडल्यावर बंदच राहिलं, तर बिघाड त्याचा की तुमचा, कसं कळणार? चालू घेतलंत आणि नंतर चाललं नाही, तर बिघाड तुमचा."

तीन आठवड्यांत अर्थातच काही झालं नाही. त्या भाऊबीजेला मी बंद घड्याळ घालूनच गेलो. पाटावर बसायच्या आधी मोबाइलमध्ये बघून काटे पावणेएकवर आणले. पण अक्काची पुरणपोळी लांबली. दाजींनी मनगट वाकवून पाहिलं, स्वतःचं पाहिलं, पुन्हा माझं पाहिलं. "पाणी गेलं वाटतं," मी म्हणालो. डायलवर ३०० मीटर खोलीचं छापलेलं. दाजी काही बोलले नाहीत.

पुढच्या बुधवारी रजा टाकून गोदाघाटावरच्या बाजारात गेलो. भाजी, भांडी, जुनी कुलपं, मोबाइलचे चार्जर असं सगळं ओलांडत गेल्यावर एका गोणपाटावर घड्याळं मिळाली. एक चालू एचएमटी जनता घेतलं. त्याच्याच शेजारी नारिंगी डायलचं एचएमटी पायलट होतं, इतकं झळझळीत की तेही घेतलं. घरी येऊन फुंकर मारली तर नारिंगी रंगाचा पोपडा उडाला. जुन्या डायलवर कुणीतरी नवा रंग मारून अक्षरं छापली होती. जुन्या घड्याळांचे शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, आणि ते नाव परदेशातही चालतं. मशीन खरं, चेहरा रंगवलेला. तेव्हा हसू आलं, पण पुढे वर्षभर हेच प्रकरण वेगवेगळ्या वेषांत समोर येणार होतं.

जनता शिकायला चांगलं. एचएमटीने १९६१ साली बंगळुरूत जपानच्या सिटिझनबरोबर घड्याळं बनवायला घेतली, आणि जनतातलं १७ ज्वेलचं, म्हणजे झीज टाळायला बसवलेल्या १७ बारीक खड्यांचं, मशीन त्याच घराण्यातलं. साधं, जाड, क्षमाशील. कारखाना २०१६ मध्ये बंद झाला तरी पार्ट मिळतात, कारण एक मेलेलं जनता दुसऱ्याला रक्त देतं.

हत्यारं जमवली. ०.८ पासून १.६ मिलिमीटरपर्यंतचे स्क्रूड्रायव्हर, दोन चिमटे, आयग्लास, मशीन धरायचा छोटा शिकंजा. स्वस्त स्क्रूड्रायव्हरचं टोक पहिल्याच दिवशी वळलं. मग कंपनीतल्या टूलरूममध्ये ऑइलस्टोनवर ते घासून घेतलं आणि तेव्हापासून प्रत्येक वेळी घासूनच वापरतो. पार्ट ठेवायला अण्णांचा गोळ्यांचा डबा घेतला, सोमवार ते रविवार असे सात कप्पेवाला. जे आधी निघेल ते सोमवारी, मग मंगळवारी, जोडताना रविवारकडून उलटं यायचं. अण्णांना तसाच नवा डबा आणून दिला.

पहिली चूक पहिल्या पंधरा मिनिटांत केली. चावी भरलेलं घड्याळ म्हणजे दाबून ठेवलेली कमान. ती आधी सोडवायची असते. चावी अंगठ्याने धरून, रॅचेट अडवणारी खिट्टी बाजूला करून, चावी बोटांतून हळूहळू उलटी फिरू द्यायची. हे मी वाचलं होतं आणि विसरलो होतो. बॅलन्स, म्हणजे झोके घेणारं चाक, काढला, मग पॅलेटचा, म्हणजे चाकांना एका वेळी एकच दात पुढे सोडणाऱ्या अडसराचा, पूल (वरची पट्टी) सैल केला, आणि सगळी चाकं घर्रर्र करून फिरली. दोन सेकंदांत दीड दिवसाची चावी उतरली. दात शाबूत राहिले हे माझं नशीब.

दुसरी चूक जास्त शिकवणारी. गुरुवारच्या कप्प्यातली खिट्टीची कमान चिमट्यातून उडाली. ही कमान म्हणजे भुवईचा एक केस, वाकवलेला. काकांनी सांगितलं होतं, घट्ट धरलं की उडतं, चिमट्याने पकडायचं नाही, उचलायचं. पण हाताला ते कळायला महिने जातात. फरशी झाडली, चटई झटकली, शेवटी कंपनीतून आणलेलं लोहचुंबक रुमालात गुंडाळून खोलीभर फिरवलं. कमान पलंगाच्या पायाशी सापडली. मी खूष. चुंबक टेबलावर ठेवलं, मशीनच्या शेजारी.

दुसऱ्या दिवशी जनता वीस मिनिटं पुढे. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी खणातून एक खेळण्यातलं होकायंत्र काढलं आणि घड्याळाजवळ नेलं. काटा गर्रकन फिरला. हेअरस्प्रिंगमध्ये, म्हणजे बॅलन्सला झोके देणाऱ्या गुंडाळलेल्या बारीक कमानीत, चुंबकत्व शिरलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात. चिकटले की कमान आखूड झाल्यासारखी वागते, आणि आखूड कमान बॅलन्सला भराभर हलवते. काकांनी घड्याळ एका निळ्या डबीवर ठेवलं, बटण दाबलं आणि दाबलेलं असतानाच ते हळूहळू हातभर वर उचललं. होकायंत्राचा काटा गप्प. दहा सेकंदांचं काम. पैसे घेतले नाहीत, चुंबक मात्र ठेवून घेतलं.

धुण्याच्या बाबतीत जुन्या लोकांची रीत पेट्रोलची. मी नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलवर आलो, पण त्यात एक मेख आहे. पॅलेटच्या दोन टोकांना जे लाल खडे असतात ते लाखेने चिकटवलेले असतात, बांगड्यांची असते त्याच जातीची लाख. अल्कोहोल लाख विरघळवतं. पॅलेट त्यात भिजत टाकला की खडे सरकतात आणि मग ते जागेवर बसवणं माझ्यासारख्याचं काम नाही. तो आणि बॅलन्स वेगळे धुवायचे, झटपट. ज्वेलच्या भोकांतली काळी मळी कुठल्याही पाण्याने निघत नाही. त्यासाठी खराट्याची काडी ब्लेडने तासून टोकदार करायची आणि भोकात घालून फिरवायची. काडीचं टोक काळं होतं, पुन्हा तासायचं, पुन्हा फिरवायची, टोक पांढरं निघेपर्यंत. एका बाजूने सात-आठ वेळा. हे काम मला इतकं आवडतं की बायको म्हणते, घरातल्या खिडक्यांच्या खाचा पण अशाच साफ करा.

तेलाचं गणित उलटं आहे. आपल्याला वाटतं थोडं जास्त पडलं तर काय बिघडतं. जास्त तेल जागेवर राहत नाही, पसरून निघून जातं आणि मागे कोरडं भोक ठेवतं. ज्वेलच्या वाटीत निम्म्याहून थोडं वर, बस्स. भराभर फिरणाऱ्या चाकांना पातळ तेल, सावकाश फिरणाऱ्यांना जाड, पॅलेटच्या खड्यांच्या टोकाला वेगळं, आणि पॅलेटच्या आसाला अजिबात नाही. मोबियस कंपनीच्या ९०१० तेलाची करंगळीच्या पेरापेक्षा लहान बाटली घरी आली तेव्हा अण्णांनी किंमत विचारली. मी निम्मी सांगितली. तरी ते म्हणाले, "अत्तर आहे का?"

जनता तीन वेळा उघडून जोडलं, पायलट दोन वेळा. एका जुन्या स्विस मशीनचा स्क्रू मोडला, कारण काही मशिनांत चावीच्या चाकाचा स्क्रू उलट्या आट्यांचा असतो आणि मी तो सोडवतोय समजून आवळत होतो. मग एक टाइमग्राफर घेतला. घड्याळाची टिकटिक ऐकून ते किती सेकंद पुढे-मागे जातंय, बॅलन्स किती अंश झोके घेतोय आणि जाण्या-येण्याच्या झोक्यांत किती फरक आहे, हे आकड्यांत सांगणारं यंत्र. क्वालिटीवाल्याच्या हातात असं यंत्र देऊ नये. महिनाभर मी घरातलं प्रत्येक घड्याळ त्यावर चढवलं, शेजाऱ्यांचीही.

जवळजवळ वर्ष असं गेलं. मग सप्टेंबरात एका रविवारी दाजींचं सबमरिनर टेबलावर घेतलं.

खऱ्या सबमरिनरविषयी दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर गंमत कळणार नाही. रोलेक्सने ते १९५३ साली पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांसाठी काढलं. आजच्या खऱ्या घड्याळाचं मशीन तासाला २८,८०० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ८, त्यामुळे सेकंदकाटा सरकत गेल्यासारखा दिसतो. दाजींच्या घड्याळातलं डीजी २८१३ तासाला २१,६०० वालं, सेकंदाला ६. शेजारी शेजारी ठेवली तर डोळ्यांना फरक कळतो. ज्याचा बाप ओळखणार नव्हता त्याला एवढं पुरलं असतं. पण खरं ठेवायचं कुणाकडे असतं!

हलवलं की दोन मिनिटं चालायचं आणि थांबायचं. टाइमग्राफरवर ठेवलं तर झोका १७०-१८० अंशांवर लडखडत होता, तोही मध्येच तुटणारा. निरोगी मशीन पालथं-उताणं ठेवल्यावर २७० च्या आसपास तरी हवं. झाकण काढलं. रोटर, म्हणजे हात हलला की फिरून चावी भरणारं वजन, काढला. चावीचा दांडा काढायला एक बारीक बटण दाबावं लागतं, आणि ते जरा जास्त दाबलं की आतली चावी-काटे जुळवणारी सगळी जुळणी सुटते, मग डायल काढल्याशिवाय सुटका नाही. मी अर्थातच जास्त दाबलं. डायल काढायचंच होतं म्हणा.

काटे उपटताना डायलवर प्लास्टिकचा तुकडा ठेवतात, ओरखडा येऊ नये म्हणून. ठेवला. मग माझंच मला वाटलं, हे नाव मी कुणासाठी जपतोय?

आत पहिल्यांदा दिसलं ते कोरडेपण. ज्वेलच्या वाट्या लखलखीत, तेलाचा टिपूस नाही. रोटरखाली एक कापडाचा धागा. एका पुलाच्या कडेला कुणाच्या तरी बोटाचा ठसा, स्पष्ट, रेषा मोजता येतील असा. चाकांचा पूल उचलला, तिसरं चाक चिमट्याने वर घेतलं आणि आयग्लासखाली धरलं. दोन दातांच्या बेचक्यात काहीतरी चमकत होतं. काडीने ढकललं तर सुटेना. सुई लावली. पितळेचा एक कुरळा कपटा कागदावर पडला, जिरेदाण्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा. एका बाजूने गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने करवतीसारखा.

मी तो क्षणात ओळखला. आमच्या कंपनीत त्याला बर म्हणतात. धातू कापताना कडेला जी जीभ राहते ती. कटर बोथट झाला की बर येते, आणि ती घासून काढायला एक माणूस बसवलेला असतो. त्या माणसाला घाई असली की ती पार्टबरोबर पुढे जाते. आठ महिने हा तुकडा कुठेतरी पुलाच्या कडेला लटकून बसला असेल, मग सुटला आणि दातांत अडकला. ज्या चुकीसाठी मी रोज फॉर्म भरतो तीच चूक, हजारो किलोमीटर लांबून, दाजींच्या खिशातून माझ्या टेबलावर आलेली. आणि काकांनी दीड हजारांत मशीन बदलून दिलं असतं तर मला ती कधी दिसलीच नसती. तो कपटा मी सेलोटेपखाली चिकटवून ठेवलाय.

अण्णा मागे उभे होते. "बघू," म्हणाले. मी आयग्लास दिली. ती त्यांनी चष्म्यावरून लावायचा प्रयत्न केला, मग चष्मा काढला. कपटा बघितला, मग पूल, मग चाक, बराच वेळ. माणूस सत्तरीच्या पुढे गेलाय, पण नजर तशीच, डावीकडून उजवीकडे, खाली, परत डावीकडून.

"तुम्ही प्रेसमध्ये खोट्या नोटा अशाच पकडायचात ना?" मी विचारलं. लहानपणापासून माझी समजूत तीच होती.

"खोटी नोट मी नोकरीत एकदाही पाहिली नाही," ते म्हणाले. "तिथे खोटी येणार कुठून? आम्ही खऱ्या नोटांतल्या चुका शोधायचो. शाई पसरली, आकडा सरकला, कापताना कड गेली."

मग त्यांनी मशीनकडे बोट केलं. "याच्यावर कुणाचं नाव आहे?"

"नाही. कुणाचंच नाही."

"म्हणजे खोटं फक्त तोंडावर आहे."

एवढं बोलून ते चहा सांगायला आत गेले. मी बघत बसलो. डीजी स्वतःला स्विस म्हणवत नव्हतं, कुणाची सही मिरवत नव्हतं. गरीब, घाईत जोडलेलं, पण प्रामाणिक मशीन होतं. त्याच्या तोंडावर दुसऱ्याचं नाव बांधलं होतं, हा काही त्याचा दोष नव्हता.

धुतलं, तेल दिलं, जोडलं. झोका २६० वर आला, दिवसाला १२ सेकंद पुढे. मी त्या आकड्याचा फोटो काढला.

राहिलं पाणी. ३०० मीटर छापलेलं घड्याळ हात धुतले तरी काचेआतून धुकं धरायचं. झाकणाची रबरी रिंग खाचेत मुळी बसलीच नव्हती, वेडीवाकडी दबली होती. तशाच मापाची नवी घेतली, सिलिकॉन ग्रीस लावलं. तपासायला माझ्याकडे दाबाचं यंत्र नाही, म्हणून जुना उपाय केला. घड्याळ दिव्याजवळ ठेवून कोमट केलं आणि काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवला. आत ओल असेल तर थेंबाखाली काच आतून धुरकट होते. झाली नाही. तरी ते घालून पोहायला जा असं मी कुणाला सांगणार नाही. छापलेल्या आकड्याला त्या घड्याळात काही आधार नाही.

एक दुरुस्त झालं की स्वतः जोडायची खाज सुटते. सुटे पार्ट मिळतात: सबमरिनरच्या घाटाची केस, कडं, सफायरची काच, आणि मशीन म्हणून जपानच्या सेइको कंपनीचं एनएच ३५. २४ ज्वेल, २१,६०० ठोके, पूर्ण चावीवर ४१ तास. डायलचे दोन प्रकार समोर येतात, एक रोलेक्सच्या मुकुटाचं चित्र छापलेलं, एक कोरं. दोघांच्या किमतीत फार फरक नाही. मी कोरं घेतलं. त्यात काही थोरवी नव्हती, ते टेबल अण्णांच्या खोलीत आहे.

जोडणी वाचायला सोपी आहे. डायलच्या पाठीला दोन पाय असतात, ते मशीनच्या भोकांत बसवायचे. मग चावी फिरवत राहायचं, तारीख टकन बदलेपर्यंत. त्याच क्षणी थांबायचं आणि तासकाटा बरोबर बारावर दाबायचा, नाहीतर तारीख दुपारी चारला बदलते. मग मिनिटकाटा. मग सेकंदकाटा, आणि इथे माणसाचा स्वभाव कळतो. त्याच्या नळीचं भोक ०.२० मिलिमीटर. ते तेवढ्याच आसावर, दिसत नसताना, सरळ उभं धरून दाबायचं. तिरकं दाबलं तर नळी फाटते. पहिला काटा फाटला. दुसरा उडाला आणि आजतागायत सापडलेला नाही. चुंबक काकांकडे होतं, आणि काटा पितळी होता, म्हणजे असतं तरी उपयोग नव्हता. तिसरा बसला, पण मिनिटकाट्याला घासून दर मिनिटाला एकदा अडायचा. त्याला वाकवून, पुन्हा काढून, पुन्हा बसवून, रात्रीचे दोन वाजले.

काच बंद केल्यावर डायलवर एक कुसळ दिसलं. उघडलं, फुंकणीने उडवलं, बंद केलं. दोन कुसळं. हे चार वेळा. शेवटी पंखा बंद करून, लादी पुसून, अंगातला बनियनसुद्धा काढून बसलो. बायको पाणी प्यायला उठली होती, दारातून बघून काही न बोलता परत गेली.

चावीचा दांडा मापाने कापावा लागतो. तो मी एकदाच आणि एकदाच आखूड कापला. नवा यायला सव्वा महिना. पार्सल कस्टममध्ये पडून होतं.

एनएच ३५ ला सेइको स्वतः दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंदांची मुभा देतं. माझं अधिक २२ वर होतं. बॅलन्सवर दोन दांड्या असतात. एक वेग बदलते, दुसरी झोक्यांचा तोल. मी वेगाची समजून तोलाची हलवली आणि फरक ०.३ मिलिसेकंदांवरून साडेतीनवर नेला. परत आणायला तासभर गेला. आता ते दिवसाला ५ सेकंद पुढे असतं, आणि मी रोज बघतो.

ते घड्याळ घालून कंपनीत गेलो तर लाइनवरच्या एकाने विचारलं, "नाव का नाही याच्यावर?" आणि दुपारी जेवताना, "मुकुटवालं डायल लावून देतो का? दहा हजार देतो. माझे चारपाच जण आहेत." सरळ चाळीस-पन्नास हजारांची गोष्ट होती, खोटं कशाला बोलू, रात्री हिशोब मांडला. आपल्याकडे १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटं चिन्ह लावल्याला आणि असा माल विकल्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे, आणि वर ५० हजार ते २ लाख दंड. पण कायद्यापेक्षा मला दाजी आठवले. चारपाच माणसं, प्रत्येक जण मनगट पुढे करून विचारणार, बंद का पडलं? त्याला म्हटलं, कोऱ्या डायलचं हवं तर पार्टच्या खर्चात जोडून देतो. तो म्हणाला, "मग त्याचा उपयोग काय?" त्याचंही बरोबर होतं. त्याला घड्याळ नको होतं.

यंदाच्या भाऊबीजेला दाजींचं दुरुस्त केलेलं घालून गेलो. त्यांनी पाहिलं, कानाशी नेलं, सेकंदकाटा मोजला. मग आपलं मनगटावरचं काढलं आणि ताटाच्या कडेला ठेवलं.

"हे दोन महिने झाले बंद आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "बघ जरा. अक्काला बोलू नकोस."

दोन महिने! म्हणजे गणपतीनंतर प्रत्येक ठिकाणी दाजी काटे जुळवून येत होते.

घरी उघडलं. माझ्या घड्याळाचं जुळं भावंड, एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेलं. आत डीजी नव्हतंच. दुसरंच मशीन, रोटर वेगळा, पूल वेगळे, एका पुलावर खिट्टीने खरवडलेला ओरखडा. सारखं होतं ते फक्त बाहेरचं. मी चावी सोडवली, या वेळी न विसरता, आणि पार्ट कप्प्यांत टाकत गेलो. गुरुवारपर्यंत आलो आणि झोप अनावर झाली म्हणून झाकणं लावून डबा तसाच टेबलावर ठेवला.

सकाळी अण्णा चहाचा कप घेऊन आले. टेबलावर दोन डबे शेजारी शेजारी, रंगही तोच. दिवस गुरुवार. त्यांनी जवळचा घेतला, झाकण उघडलं आणि तळहातावर पालथा केला. चाकं, एक पूल, तीन स्क्रू. त्यांनी हात खिडकीकडे नेला, चष्मा वर केला आणि डावीकडून उजवीकडे पाहिलं.

"या चाकाचा एक दात गेलाय," म्हणाले, आणि सगळं गुरुवारात परत ओतून दुसऱ्या डब्यातली गोळी घेतली.